टोपण उडालेला बल्ब कुठे जातो?

शिरड शहापुरात काय किंवा औंढा-वसमत पट्ट्यातल्या कोणत्याही गावात काय, घरातली वस्तू सहसा एकदम टाकून दिली जात नाही. ती आधी खालच्या कामाला लागते. जुन्या लुगड्याची वाकळ होते, फुटक्या बादलीत तुळस लागते, आणि बैठकीतल्या एलईडी बल्बचं पांढरं टोपण फुटलं की तो बल्ब न्हाणीत जातो. न्हाणीत कोणी नाक मुरडलं तर गोठ्यात, आणि अगदीच बघवेनासा झाला की शेतातल्या आखाड्यावर. काटकसर म्हणून या रीतीला नावं ठेवायचं कारण नाही. पण बल्बच्या बाबतीत ही उतरंड नेमकी उफराटी पडते. कोरड्या, फरशीच्या, उंच छताच्या खोलीतून तो अशा जागी जातो जिथे जमीन ओली असते, पाय अनवाणी असतात आणि होल्डर हाताच्या उंचीवर लोंबकळत असतो. बल्ब जितका बिघडत जातो तितकी त्याची जागा धोक्याची होत जाते. म्हणून फुटका बल्ब वापरावा का, याचं सरळ उत्तर ‘नाही’ हेच आहे. आहे तिथेही नको आणि दुसरीकडे हलवून तर मुळीच नको. हे उत्तर पटायला मात्र जरा आत शिरावं लागतं, कारण ‘पेटतोय ना, मग काय झालं?’ हा सवाल वरवर पाहता बिनतोड आहे.

हा सवाल आला कुठून, ते आधी पाहू. जुना पिवळा गोळा, म्हणजे तारेचा बल्ब, आपली तब्येत स्वतःच सांगत असे. त्यातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि इतकी तापलेली तार हवेतल्या ऑक्सिजनला क्षणभरही टिकत नाही. काच फुटली की तार जळून जाई आणि खोलीत अंधार होई. फुटका म्हणजे विझलेला, पेटता म्हणजे धडका, हे समीकरण दोन-तीन पिढ्यांनी अनुभवातून शिकलेलं आहे आणि त्या बल्बपुरतं ते बरंचसं खरंही होतं. मग ५ जानेवारी २०१५ ला केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली, स्वस्त एलईडी बल्ब घरोघर पोचले. देशभरात त्या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. वीजबिल कमी झालं, उजेड वाढला. पण बल्ब बदलला तरी त्याच्याकडे बघण्याची आपली नजर जुनीच राहिली. एलईडीत प्रकाश देणारे पिवळसर ठिपके हवेत उघडे पडले तरी पेटतच राहतात. उलट टोपण गेलं की उजेड जरा जास्तच वाटतो, कारण टोपण थोडा प्रकाश अडवत असतं. ‘टोपण काढलेल्या बल्बचा उजेड जास्त पडतो’ असं लोक म्हणतात ते खोटं नाही. फक्त तो पेटतोय यावरून त्याच्या सुरक्षिततेबद्दल काहीही कळत नाही.

टोपण निघालेल्या एलईडीत दिसतं काय? मध्ये पांढरी गोल पट्टी, तिच्यावर आठ-दहा ठिपके, त्यांना जोडणारे डाग दिलेले टाके, आणि स्वस्त बल्बमध्ये त्याच पट्टीवर बसवलेली एखादी काळी चिप. मोबाइलच्या चार्जरमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज आणि बाहेर येणारी पाच व्होल्टची वीज यांच्यामध्ये एक विद्युतरोधक आडभिंत असते. घरगुती वापराच्या बहुतेक स्वस्त एलईडी बल्बमध्ये अशी आडभिंत नसते. खांबावरून आलेली वीज सरळ केली जाते आणि ठिपक्यांच्या माळेत सोडली जाते. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टच्या घरात असतं, हेही लक्षात ठेवा. म्हणजे त्या पट्टीवरचा प्रत्येक टाका हा उघड्या वायरच्या टोकासारखाच. ते टोपण उजेड मऊ करायला बसवलेलं आहे असं आपल्याला वाटतं, पण त्याचं मोठं काम माणसाला विजेपासून दूर ठेवण्याचं आहे. एलईडी बल्बच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस १६१०२ आहे. त्यातली एक चाचणी मोठी बोलकी आहे: माणसाच्या बोटाएवढं, तसेच सांधे असलेलं एक बनावट बोट बल्बला सगळीकडून लावून पाहतात, आणि ते आतल्या जिवंत भागाला कुठेही टेकता कामा नये. टोपण नसलेला बल्ब या परीक्षेत पहिल्याच स्पर्शाला नापास होतो. खोक्यावर कोणत्याही कंपनीचं नाव असो, टोपण गेलं की तो बल्ब मानकाच्या बाहेर गेला.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ‘मी लावलाय हात, नुसत्या मुंग्या आल्या.’ आल्या असतील. कोरड्या कातडीचा विजेला विरोध बराच, कित्येक हजार ओहम असू शकतो; पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फरशी असली तर अंगातून जाणारा करंट फारच थोडा राहतो. पण ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने हाच विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले हजार म्हणजे २३० मिलिअँपिअर. काही क्षणांहून जास्त वेळ छातीतून गेलेले तीसेक मिलिअँपिअरही हृदयाची लय बिघडवण्याच्या पातळीला पोचतात. इथे त्याच्या सातपटीहून अधिक आहे. एमसीबी वाचवेल, ही समजूतही इथे कामाची नाही. दिव्यांच्या लाइनीवरची एमसीबी साधारण सहा अँपिअरची असते आणि ती वायर जळू नये म्हणून बसवलेली असते. माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेलं तर तिच्या लेखी एक मोठा बल्ब लागला, एवढंच. ती पडणार नाही. तेव्हा मुंग्यांवर निभावलं ते चप्पल आणि कोरड्या फरशीमुळे. बल्बला त्याचं श्रेय देऊ नये.

दुसरा आक्षेप उंचीचा. ‘एवढ्या वर टांगलाय, त्याला शिवायला जातंय कोण?’ रोज कोणी शिवत नाही हे खरं. पण दसऱ्याच्या आधी जाळी-जळमटं काढली जातात, कधी ओल्या फडक्याने, कधी पत्र्याच्या नळीला बांधलेल्या झाडूने. पाहुणे यायच्या आधी तोच बल्ब पुसला जातो. आणि तो गेला की बदलायला वर चढावंच लागतं. ‘बटन बंद करून चढतो’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. बटन फेजच्या वायरवर असावं असा नियम आहे, पण घाईत केलेल्या वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवर बसलेलं सर्रास आढळतं. तसं असेल तर बटन बंद केल्यावर बल्ब विझतो, मात्र होल्डरमध्ये फेज तशीच उभी राहते. आपल्याकडच्या दोन पिनांच्या होल्डरमध्ये कोणती पिन फेजची हे बाहेरून कळत नाही, म्हणून बटनावर भरवसा टाकून उघड्या पट्टीला हात लावणं हा निव्वळ जुगार आहे. याची एक खूण एलईडीच देतो. बटन बंद केल्यावरही रात्री बल्ब काजव्यासारखा मंद उजळत राहिला तर बटनात इंडिकेटरचा लाल दिवा आहे का ते पाहा. नसेल तर बटन न्यूट्रलवर असण्याची शक्यता धरून वायरमनला बोलवा. काही वेळा शेजारून गेलेल्या वायरीमुळेही असं होतं, पण ते तपासल्याशिवाय कळणार नाही. बल्ब बदलताना बटनाऐवजी मेन स्विच पाडायचा, हा पर्याय फुकट आहे.

आता आखाड्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. हा भाग हळदीचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद निघाली की शिजवायचं काम सुरू होतं आणि ते रात्रीही चालतं. लोखंडी कढई किंवा कुकर, वाफ, सांडलेलं पाणी, चिखल झालेली जमीन, आणि वर काठीला गुंडाळून नेलेल्या वायरीवर एक होल्डर. घरातला टोपण उडालेला बल्ब लागतो तो इथे. विजेला घातक व्हायला जे जे लागतं ते सगळं एवढ्याशा जागेत हजर असतं: वाफेने ओला झालेला होल्डर, लोखंड, ओली माती, भिजलेले हात. वायर एखाद्या पत्र्याला घासून सोललेली असली तर अख्खी शेड जिवंत होते. गोठ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. जनावर ओल्या जमिनीवर उघड्या खुरांनी उभं असतं आणि माणसाला नुसता झटका देणाऱ्या व्होल्टेजला ते दगावू शकतं. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली येतात. उघड्या पट्टीवर पाल चिकटली की दोन टाक्यांमध्ये ठिणगी पडते, आणि खाली कडबा असतो. गळक्या पत्र्यातून झिरपणारं पाणी वायरीवरून ओघळत थेट होल्डरात उतरतं, हेही दर पावसाळ्यात घडणारं. म्हणून क्रम उलटा लावावा असं माझं स्पष्ट मत आहे: नवा, अखंड, बंद टोपणाचा बल्ब आखाड्यावर आणि गोठ्यात, शक्य असेल तर पाणी न शिरणाऱ्या कव्हरमध्ये, आणि जुना पण धडका बल्ब बैठकीत. पाहुण्यांना थोडा मंद उजेड चालतो.

‘बल्बने मेलेला माणूस दाखवा’ असंही कोणी म्हणेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने देशात वर्षाला बारा हजारांहून अधिक मृत्यू नोंदलेले दिसतात. त्यांत तुटलेल्या तारा, मोटारी, कूलर, कपडे वाळत घालायच्या तारा यांचा वाटा मोठा असणार. फुटक्या बल्बचा वाटा मी फुगवून सांगणार नाही, तो लहानच असेल. पण मोटार आणि कूलर यांना पर्याय शोधायला खर्च येतो, वायरिंग बदलायला हजारो रुपये लागतात. फुटका बल्ब हा मात्र शंभरेक रुपयांत मिटणारा धोका आहे. इथे धोका किती मोठा एवढंच पाहून भागत नाही; तो टाळायला किती कमी लागतं तेही पाहायला हवं.

पैशाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात दहा रुपयांचा हिशेब असतो तिथे पेटता बल्ब फेकायला सांगणं म्हणजे शहाणपणाचा आव वाटू शकतो. तेव्हा हिशेबच करू. नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला एक युनिट आणि तिसरा हिस्सा वीज खातो. उजाला योजनेत हा बल्ब सत्तर रुपयांना मिळे. बाजारात आजही चांगला बल्ब शंभरच्या आसपास येतो आणि नीट टिकला तर काही वर्षं चालतो. शिवाय बऱ्याच कंपन्या एक-दोन वर्षांची बदलून द्यायची हमी देतात. फुटलेल्या टोपणाला ती सहसा लागू होत नाही, पण आपोआप बंद पडलेल्या बल्बला होते. त्यासाठी बिल आणि खोकं जपून ठेवणं एवढंच लागतं, आणि नेमकं तेच आपण चुलीत घालतो. विकत घेताना बल्बवर किंवा खोक्यावर आयएस क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते पाहावं. आठवडी बाजारात निम्म्या भावात मिळणाऱ्या बिननावाच्या बल्बचं टोपण नुसतं डिंकाने चिकटवल्यासारखं असतं, आणि मग उडालेल्या टोपणाचा प्रश्न महिनाभरात परत दारात येतो.

फुटणं हा बिघाडाचा एकच प्रकार झाला. टोपण शाबूत आहे पण हाताने फिरतं, लुडबुडतं, तर आतला चिकटा सुटलेला असतो. बल्ब काढताना टोपण हातात आणि पट्टी होल्डरात राहते. असा बल्ब लावूच नये. ठिपक्यावर काळा डाग दिसला तर तो ठिपका जळालेला आहे. त्यावर डाग देऊन किंवा चांदी लावून माळ जोडायची युक्ती आता गल्लोगल्ली माहीत झाली आहे. तिने बल्ब पेटतो, पण एका ठिपक्याचा भार उरलेल्यांवर किंवा त्या काळ्या चिपवर पडतो, बल्ब जास्त तापतो आणि टोपण उघडून पुन्हा बसवलेलं असल्याने तेही पक्कं राहत नाही. तारेच्या बल्बचीही अशीच एक युक्ती होती: टिचकी मारून तुटलेली तार एकमेकींत अडकवायची. जोडलेली तार आखूड होते, आखूड तारेतून करंट जास्त जातो, म्हणून तो बल्ब आधीपेक्षा लखलखीत पेटतो आणि लवकरच पुन्हा जातो. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला अजून हेच पिवळे बल्ब लागतात, तिथे ही युक्ती वापरात आहे, आणि खाली भुसा असतो. तापलेल्या काचेवर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी ती तडकते, हेही पिलांच्या शेडमध्ये विसरू नये. पट्टीजवळ तपकिरी झालेलं प्लॅस्टिक, जळका वास, फडफडणारा उजेड ही लक्षणं बल्बची असू शकतात तशी होल्डरचीही. एकाच जागी बल्ब वारंवार जात असतील तर होल्डरच्या पिना काळ्या पडल्या आहेत का, त्यांची स्प्रिंग ढिली आहे का ते पाहून होल्डर बदलावा. आणि घरातले बरेच बल्ब एकाच वेळी भपकन पेटून उडाले तर दोष बल्बचा नसतोच. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात दोन फेजांमधलं व्होल्टेज, चारशेपर्यंत, शिरू शकतं. तेव्हा मेन पाडून महावितरणच्या १९१२ वर कळवायचं, नवे बल्ब लावून पाहायचे नाहीत.

होल्डरात फुटून अडकलेला बल्ब काढताना आधी मेन बंद. बॅटरीच्या उजेडात, कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून, जाड कोरड्या फडक्याने किंवा मूठ झाकलेल्या पक्कडीने धातूची टोपी धरायची, किंचित आत दाबून फिरवायची. अर्धा बटाटा खुपसून काढायची एक युक्ती सांगितली जाते. बटाटा ओला असतो आणि वीज वाहून नेतो. मेन बंद असल्याची खात्री नसेल तर ती युक्ती जीवावरची आहे, आणि खात्री असेल तर पक्कड पुरते. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

सीएफएल आणि ट्यूब फुटल्या तर विजेहून वेगळी काळजी लागते, कारण त्यांत पारा असतो. सीएफएलमध्ये साधारण पाच मिलिग्रॅमपर्यंत. प्रमाण थोडं आहे, घाबरून जायचं कारण नाही. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं खोली मोकळी सोडा. मग झाडू न मारता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने आणि ओल्या कागदाने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत भरा. झाडूने पारा फरशीभर पसरतो. ही बरणी उकिरड्यावर जाऊ नये, कारण आपल्याकडे उकिरड्याचं खत शेतात जातं. २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून असे दिवे ई-कचऱ्यात धरले जातात, आणि २०२७ नंतर ते बनवायचेच नाहीत असं मिनामाटा करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवलं आहे. पण माळ्यावर ठेवलेले जुने दिवे त्याने नाहीसे होत नाहीत.

आता पुन्हा विजेकडे. घराच्या मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणं हा एकच खर्च असा आहे जो बल्ब, कूलर, मोटार सगळ्यांवर लागू पडतो. एमसीबी जे सोडून देते तेच तो पकडतो: माणसातून जमिनीकडे गळणारा करंट दिसला की क्षणाच्या काही भागात लाईट तोडतो. आखाड्यावरच्या तात्पुरत्या लाइनीवर तर तो आधी हवा. तरीही कोणाला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या काठीने वायर बाजूला करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. माणूस शुद्धीवर असला तरी दवाखान्यात नेऊन हृदयाची तपासणी करून घ्यावी. अंगावर डाग नाही म्हणून आत काही झालं नाही असं समजू नये.

राहिला तो काढून ठेवलेला एलईडी. पेटता आहे म्हणून फेकलेला बल्ब कोणीतरी उचलतं, आणि बहुधा ते आपल्याच घरातलं असतं. म्हणून होल्डरातून काढल्यावर, आत साठलेली वीज उतरायला काही मिनिटं जाऊ देऊन, त्याच्या टोपीच्या बाजूला ज्या दोन बारीक पिना असतात त्या पक्कडीने दाबून सपाट कराव्यात. मग तो कोणत्याही होल्डरात बसत नाही.